आधी मोडायचं, मग जुळताना बघायचं: तांबड्या पेशींच्या चवडी अल्ट्रासाऊंडने कशा मोजायच्या

गेल्या वर्षी नौपाड्यातल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये आईच्या पायाच्या शिरा तपासायला तिला घेऊन गेले होते. गुडघ्यामागची शीर स्क्रीनवर आली, तेव्हा तिच्या आत करडा धूर सावकाश सरकताना दिसला, ओल्या लाकडातून निघतो तसा. आईने घाबरून विचारलं, "डॉक्टर, गुठळी आहे का हो?" डॉक्टरबाईंनी एका हाताने प्रोब धरला आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबली. धूर सर्रकन वर गेला, शीर काळीभोर झाली. "गुठळी असती तर अशी हलली नसती, काकू. रक्त हळू चाललंय, म्हणून पेशी एकमेकींना बिलगल्यात. दाबलं की सुटतात."

मी नेरूळच्या एका कॉलेजात बायोमेडिकलच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवते. तो धूर प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून त्याचा आकडा काढायचा, हे त्या दिवसापासून डोक्यात बसलं. आता आमची पद्धत बऱ्यापैकी बसली आहे, ती इथे सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रक्त स्क्रीनवर किती उजळ दिसतं याला एकट्याने काही अर्थ नाही. त्याच रक्तातल्या चवडी आधी मोडायच्या, मग त्या पुन्हा जुळताना बघायच्या, आणि या दोन स्थितींमधला फरक मोजायचा.

धूर दिसतो तो कशामुळे

तांबडी पेशी म्हणजे मधे दबलेली चकती. व्यास साधारण ८ मायक्रोमीटर, जाडी २ च्या आसपास. रक्त संथ झालं की या चकत्या एकीवर एक बसतात, भाकऱ्यांची चवड रचावी तशा. ही गुठळी नव्हे. गुठळीत फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि ते सहजी सुटत नाही. चवड प्लाझ्मातल्या फायब्रिनोजेनसारख्या मोठ्या प्रथिनांमुळे बनते आणि रक्त वेगाने वाहू लागलं की मोडते. १९१८ च्या सुमारास स्वीडनचे रॉबिन फाहरेअस यांच्या लक्षात आलं की गर्भवती स्त्रियांचं रक्त नळीत लवकर खाली बसतं. त्याचं मूळ या चवडींतच आहे, आणि आजही लॅबमध्ये होणारी ईएसआर, म्हणजे पेशी खाली बसण्याचा वेग मोजणारी, तपासणी त्याच गोष्टीवर चालते. पण ईएसआर तासाभराने एकच आकडा देते, आणि रुग्णाला ॲनिमिया असेल तर तो आकडाही फसवा निघतो. सूक्ष्मदर्शकाला रक्त पातळ करून द्यावं लागतं. अल्ट्रासाऊंड मात्र गडद, घट्ट रक्ताच्या आरपार जातो आणि दर सेकंदाला काय बदललं ते सांगतो.

रक्तात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५७० मीटर. १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.१६ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे पेशीच्या वीस पट. इतक्या छोट्या वस्तूवरून विखुरणाऱ्या ध्वनीची शक्ती वस्तूच्या घनफळाच्या वर्गावर चालते आणि वारंवारतेच्या चौथ्या घातावर. आता हिशेब करा. दहा सुट्या पेशींची एक चवड झाली, तर विखुरणाऱ्या वस्तू दहापट कमी झाल्या, पण प्रत्येकीचं काम शंभरपट झालं. एकूण शक्ती दहापट, म्हणजे १० डेसिबल वाढ. हा हिशेब पातळ रक्ताचा आहे. खऱ्या रक्तात पेशी इतक्या दाटीने असतात की शेजारणींच्या प्रतिध्वनी एकमेकींना खोडतात. म्हणूनच सुट्या पेशींचा प्रतिध्वनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या घनफळात तांबड्या पेशींचा वाटा, १५ टक्क्यांच्या जवळपास सर्वाधिक असतो आणि पुढे रक्त दाट होईल तसा कमी होतो. नवख्यांना हे पटतच नाही. त्यांना वाटतं, पेशी जास्त तर आवाज जास्त.

कागदपत्रं आधी

महाराष्ट्रात राहून ही पायरी टाळू नका. शरीराच्या आतलं चित्र दाखवणारं कुठलंही सोनोग्राफी मशीन, अगदी खिशात मावणारा प्रोबसुद्धा, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली येतो. मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी लागते. मुलांनी परस्पर ऑनलाइन प्रोब मागवून हॉस्टेलवर प्रयोग करू नयेत. आम्ही चित्र काढणारं मशीन वापरतच नाही. धातूतल्या भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरतात तसला एकाच स्फटिकाचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा प्रोब) आणि पल्सर-रिसीव्हर (त्याला विजेचे झटके देऊन परत आलेला सिग्नल मोठा करणारं यंत्र) वापरतो. तरीही काय वापरणार, कुठे वापरणार हे संस्थेमार्फत त्या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याला लेखी विचारून घेतलं. माणसाचं रक्त घेणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती हवीच. आपल्याच वर्गातल्या मुलांवर "दे रे थोडं" असा दबाव येतो, तो येऊ देऊ नका.

सामान

ट्रान्सड्यूसर १० मेगाहर्ट्झचा, साधारण ६ मिलिमीटर व्यासाचा, फोकस १९ मिलिमीटरवर. ५ मेगाहर्ट्झचा सहज मिळतो, पण चौथ्या घाताच्या नियमाने प्रतिध्वनी सोळापट, म्हणजे १२ डेसिबलने दुबळा होतो, आणि तिथे शिकाऊ हात हरतात. २० च्या वर गेलात तर चवडींच्या आकाराचाही अंदाज घेता येतो, पण यंत्रं महाग होतात.

त्याखेरीज पल्सर-रिसीव्हर, सेकंदाला निदान १०० दशलक्ष नमुने घेणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, मॅग्नेटिक स्टरर, थर्मामीटर आणि रक्ताची डबी लागते. डबी आम्ही वागळे इस्टेटमध्ये ॲक्रिलिक कापून देणाऱ्याकडून करून घेतली. रक्तासाठी आत १० मिलिमीटर जाडीचा कप्पा, त्यात जेमतेम ३ मिलिलिटर मावतं. एका बाजूला खिडकी, तिच्यावर पातळ प्लॅस्टिक फिल्म ताणून बसवलेली. खिडकीसमोर पाण्याचा कप्पा आणि त्यात ट्रान्सड्यूसर.

अंतरं नीट ठरवा, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. ट्रान्सड्यूसरपासून फिल्म १४ मिलिमीटरवर ठेवा, म्हणजे फोकस रक्तात ५ मिलिमीटर आत पडतो, बरोबर कप्प्याच्या मध्यावर. तिथला प्रतिध्वनी सुमारे २५ मायक्रोसेकंदांनी परत येतो. कप्प्याची मागची भिंत ३१ च्या आसपास दिसते. फिल्म आणि ट्रान्सड्यूसर यांच्यात दुसरी फेरी मारून येणारा खोटा प्रतिध्वनी ३७ ला येतो, म्हणजे रक्त संपल्यानंतर. पाण्याचं अंतर रक्ताच्या जाडीपेक्षा कमी ठेवलंत तर हा पाहुणा थेट रक्ताच्या प्रतिध्वनीत येऊन बसतो आणि महिनाभर कळत नाही.

पाणी उकळून, झाकण लावून थंड केलेलं घ्या. नळाचं पाणी कोमट केलं की भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, चहाच्या आधणाला धरतात तसे. त्यातला एक जरी फिल्मला चिकटला तरी लाखो पेशींच्या चवडींवर भारी पडतो.

रक्ताची तयारी

हाताला पट्टा बांधून दीड मिनिटाच्या आत रक्त घ्यायचं. सुई २१ गेजची, ट्यूब जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या इडीटीएची. एका माणसाकडून ३ मिलिलिटरच्या चार ट्यूब पुरतात. निळ्या टोपणाची सायट्रेटची ट्यूब नको, तिच्यातल्या द्रावणाने प्लाझ्मा पातळ होतो आणि प्रथिनांचं प्रमाण बदलतं.

घेतल्यापासून चार तासांत मोजमाप संपवा. आमच्याकडे एक नमुना ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने यायचा. कुणीतरी काळजीपोटी ट्यूब थेट बर्फाच्या पिशवीला टेकवून आणल्या आणि वर जरा तरंगणारा प्लाझ्मा गुलाबी निघाला. पेशी फुटल्या होत्या. तो नमुना टाकून द्यावा लागला. आता ट्यूब थर्माकोलच्या डब्यात, उभ्या, खोलीच्या तापमानाला आणायच्या, आणि मेच्या उन्हात फलाटावर ताटकळणाऱ्याच्या पाठपिशवीत तर नाहीच.

आल्यावर प्रत्येक ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, झटके देऊ नका. केशनळीत रक्त भरून हिमॅटोक्रिट सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा आणि आकडा वाचा. मग सगळे नमुने ४० टक्क्यांवर आणायचे, कारण पेशींच्या दाटीचा प्रतिध्वनीवर किती परिणाम होतो ते वर पाहिलंच. हिशेब सोपा आहे. ५ मिलिलिटर रक्त ४५ टक्क्यांचं असेल तर ५ गुणिले ४५ भागिले ४०, म्हणजे ५.६ मिलिलिटर व्हायला हवं. त्याच माणसाचा ०.६ मिलिलिटर प्लाझ्मा घाला. ३२ टक्के असेल, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये हे वारंवार दिसतं, तर सेंट्रिफ्यूज करून वरचा १ मिलिलिटर प्लाझ्मा काढून घ्या आणि पुन्हा मिसळा. कमी हिमॅटोक्रिट आलेल्या मुलीला ते शांतपणे बाजूला घेऊन सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. प्रयोगापेक्षा ते महत्त्वाचं.

आता त्याच रक्ताचे तीन भाग. पहिला स्वतःच्या प्लाझ्मात. दुसऱ्या भागातला प्लाझ्मा आणि त्याखालचा पांढऱ्या पेशींचा थर काढून टाकायचा, उरलेल्या पेशी बफर सलाइनने तीनदा धुवायच्या आणि सलाइनमध्येच ४० टक्क्यांवर ठेवायच्या. प्रथिनंच नाहीत, तर चवडी जुळत नाहीत. तिसऱ्यात धुतलेल्या पेशी डेक्स्ट्रान ७० (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) च्या ३ टक्के सलाइन द्रावणात, तिथे चवडी भरभरून जुळतात. पहिला नमुना या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसेल. ही दोन टोकं नसतील तर मधल्या आकड्याला कुणी आणि का मानावं?

सरावासाठी परवानाधारक खाटकाकडून, संस्थेला सांगून, बोकडाचं ताजं रक्त इडीटीएमध्ये घ्या. शेळीच्या तांबड्या पेशी फार बारीक, जेमतेम ३ ते ४ मायक्रोमीटर, आणि त्या चवडी बांधत नाहीत. गाईम्हशींचंही तेच. घोड्याच्या रक्तात उलट, चवडी पटापट आणि मोठ्या होतात. बोकडाच्या रक्तावर तुमच्या यंत्राने मोठा फरक दाखवला, तर यंत्रात कुठेतरी चूक आहे हे माणसाचं एक थेंबही न वापरता कळतं.

मोजमाप

डबी काठोकाठ भरा. वर हवेची फट राहिली की स्टररच्या भोवऱ्याने हवा आत ओढली जाते. भरताना पिपेटचं टोक तळाशी टेकवून सावकाश सोडा. तापमान एक ठरवा आणि त्यावरच राहा. आम्ही ३७ अंशांवर काम करतो. एसी २४ वर लावून एक नमुना आणि लाइट गेल्यावर घामाघूम होत दुसरा, असे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका.

आधी डबीत नुसतं सलाइन भरून स्टरर चालू ठेवून नोंद घ्या. यात मोटरची विजेची खरखर आणि रिसीव्हरचा मूळ गोंगाट पकडला जातो, तो नंतर वजा करायचा. रक्ताचा प्रतिध्वनी एखाद्या भिंतीच्या मानाने फारच क्षीण असतो, त्यामुळे रिसीव्हरला बराच गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, द्यावा लागतो. फिल्मचा आणि मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊन वरून कापला गेला तरी चालेल, मधल्या रक्ताचा कापला जाता कामा नये. एकदा गेन ठरला की त्या दिवशी त्या बटणाला हात लावायचा नाही. आम्ही त्यावर चिकटपट्टी लावतो.

मग रक्त. स्टरर मध्यम वेगाने एक मिनिट चालवा. चवडी मोडतात. या वेळी २३.५ ते २७.५ मायक्रोसेकंदांच्या खिडकीतल्या शंभरभर रेषा (एका स्पंदाच्या प्रतिध्वनीची एक रेषा) साठवा. मग स्टरर एकदम बंद करा आणि पुढची दोन मिनिटं सेकंदाला दहा रेषा साठवत राहा. बंद केल्यानंतर द्रव क्षणभर गिरकत राहतो, तेवढा वेळ सोडून द्या. मग ऑसिलोस्कोपवर जे दिसतं ते पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. पडद्यावर गवतासारखी थरथरणारी बारीक रेषा हळूहळू थांबते, आणि थांबत असतानाच उंच होत जाते. पहिल्या काही सेकंदांत झपाट्याने, मग मंद. दोन मिनिटांच्या पुढे जाऊ नका, चवडी जड होऊन खाली बसू लागतात आणि तुम्ही वेगळीच गोष्ट मोजायला लागता.

इथे एक खाचखळगा आहे ज्यात आम्ही पुरता महिना घालवला. रेषा थरथरते म्हणून ऑसिलोस्कोपचं सरासरीचं बटण दाबलं होतं. रेषा देखणी, गुळगुळीत झाली, आणि ढवळलेल्या रक्ताचा प्रतिध्वनी जवळजवळ नाहीसाच झाला. कारण ती थरथर म्हणजेच पेशींचा प्रतिध्वनी. पेशी हलतात तशी रेषा कधी वर कधी खाली, आणि सरासरीत वर-खाली कटून जातं. स्थिर रक्तात मात्र पेशी हलत नाहीत, म्हणून तिथे प्रतिध्वनी टिकून राहतो. फरक खोटा, पण दिसायला भव्य. ते बटण बंद ठेवा. प्रत्येक रेषा कच्ची साठवा.

आकडा काढताना

प्रत्येक रेषेच्या खिडकीतले नमुने (ऑसिलोस्कोपने टिपलेले आकडे) वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, त्यातून सलाइनची सरासरी वजा करा. ही झाली शक्ती. सगळ्या रेषांच्या शक्तींची आधी सरासरी, लॉग शेवटी. डेसिबलची सरासरी काढलीत तर उत्तर चुकतं.

आता उलटी अडचण. थांबलेल्या रक्तात लागोपाठच्या शंभर रेषा म्हणजे एकच रेषा शंभरदा, कारण पेशी जागच्या जागी आहेत. त्यांना शंभर साक्षीदार समजू नका. ४ मायक्रोसेकंदांच्या एका खिडकीत, ट्रान्सड्यूसरची वारंवारतेची पट्टी ५ मेगाहर्ट्झ रुंद असेल तर, वीसेक स्वतंत्र नमुने मिळतात. त्यावरची चूक २२ टक्के, म्हणजे जवळजवळ १ डेसिबल. म्हणून ढवळणं आणि थांबवणं दहा वेळा करायचं आणि बंद केल्यापासूनच्या त्या त्या सेकंदाची शक्ती दहाही वेळांची एकत्र सरासरायची. चूक ०.३ डेसिबलवर येते. कंटाळवाणं आहे, दुपार जाते. दुसरा उपाय नाही.

वहीत दोन आकडे लिहा. एक, ६० व्या सेकंदाची शक्ती भागिले ढवळतानाची शक्ती, डेसिबलमध्ये. दुसरा, त्यातली निम्मी वाढ किती सेकंदांत झाली. धुतलेल्या पेशींचा पहिला आकडा शून्याजवळ यायला हवा. तो किंचित उणे आला तर दचकू नका, दाट रक्तात ढवळण्याच्या खळबळीनेही प्रतिध्वनी थोडा वाढतो आणि थांबल्यावर तेवढा उतरतो. तो ठळक अधिक आला तर थांबा आणि बुडबुडा शोधा. डेक्स्ट्रानच्या नमुन्याने मोठी वाढ दाखवलीच पाहिजे.

चवडींचा आकार मायक्रोमीटरमध्ये सांगायचा मोह होतो. १० मेगाहर्ट्झवर तो आवरा. चवड तरंगलांबीच्या मानाने अजूनही छोटीच असते, त्यामुळे वारंवारतेचा चौथ्या घाताचा नियम जेमतेम ढळतो, आणि आकार त्या ढळण्यातूनच काढायचा असतो. कर्क शुंग यांनी १९७० च्या दशकापासून रक्तातल्या या विखुरण्याचा पाया घातला आणि माँट्रियलच्या गी क्लूतिए यांच्या गटाने पुढे चवडींची दाटी आणि सरासरी व्यास काढण्याची पद्धत बसवली, पण त्यासाठी वारंवारता बरीच चढी ठेवावी लागते.

शंका आली की सूक्ष्मदर्शक. नमुन्याचा थेंब त्याच माणसाच्या प्लाझ्मात पातळ करून काचेवर बघा, साखळ्या दिसतील. मग त्याच काचेवर प्लाझ्माच्या जागी सलाइन. साखळ्या सुटल्या तर चवडी होत्या. सुटल्या नाहीत तर अँटिबॉडीने घट्ट धरलेले पुंजके, ती भानगडच वेगळी. रक्तपेढीतले तंत्रज्ञ हे रोज करतात, एखाद्या दुपारी त्यांच्या शेजारी उभं राहून शिकून घ्या.

उरलेलं रक्त हायपोक्लोराइटमध्ये घालून मगच पुढे, सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत. डबी लगेच धुवा. सुकलेलं रक्त फिल्मवरून निघत नाही आणि पुढचा आठवडा त्यात जातो.

शिरेकडे परत

हे सगळं हाती बसलं की सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांबरोबर, त्यांच्या नोंदणीकृत मशीनवर, त्यांच्याच हाताने, जिवंत शिरेत हाच खेळ करता येतो. ढवळण्याचं काम पोटरी दाबून होतं. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: गेन आणि खोलीनुसार गेनच्या पट्ट्या हलवू नका, चित्र आपोआप सुधारणारी सोय बंद ठेवा, फोकस शिरेवर आणा, आणि मशीन देत असेल तर कच्चा सिग्नल साठवा. कच्चा सिग्नल मिळत नसेल तर चित्रातल्या उजळपणावरून "वाढलं, कमी झालं" एवढंच म्हणा, डेसिबल लिहू नका. आणि हा आकडा निदान नाही. मधुमेह, संसर्ग, गरोदरपण, मायलोमा, सगळ्यांत चवडी वाढतात. आकड्याला त्यातलं नाव ठाऊक नसतं.

मी आईच्या शिरेवर हे केलं तेव्हा ती पाय लोंबकळत टेबलाच्या काठावर बसली होती. पाच मिनिटं पाय अजिबात हलवायचा नव्हता. धूर दाटला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाबू?" मी फ्रेमचा क्रमांक लिहिला आणि म्हटलं, "दाबा." शीर काळी झाली. मग पाय पुन्हा स्थिर, मी घड्याळ बघत, आणि करडा धूर परत दिसू लागला त्या क्षणी दुसरा क्रमांक. असं तीनदा केलं.